मरवा, ओरेगॅनो आणि बियांची बाटली

ओरेगॅनो हा शब्द आमच्या वरोरच्या घरात आला तो पिझ्झ्यासोबत मिळणाऱ्या कागदी पुडीतून. तो हिरवट चुरा नाकाशी नेला तेव्हा आम्हा दोघी बहिणींना वास अगदीच परका वाटला नाही. पुढे ओव्याचा उग्रपणा आणि मागे कुठेतरी मरव्याची छटा. नंतर पुस्तकातून उलगडा झाला. मरवा म्हणजे ओरिगॅनम मेजोराना आणि ओरेगॅनो म्हणजे ओरिगॅनम व्हल्गेर. कुळ तुळशीचे, वंश एकच, जाती तेवढ्या दोन. ओव्यात जे थायमॉल असते ते ओरेगॅनोच्या तेलातही असते, त्याच्या जोडीला कार्व्हॅक्रॉल. भूमध्य समुद्राच्या आसपासचे हे झाड म्हणून आपण त्याला विलायती समजतो. पण काश्मीरपासून पुढे हिमालयाच्या उतारांवर ते आपणहून उगवते.

मरव्याची ओळख मात्र आम्हाला पुस्तकाने करून द्यावी लागली नाही. आमच्या आजीच्या अंगणात, न्हाणीघराच्या पाण्यापासून दोन हात दूर, मरव्याचा एक वाफा होता. अबोलीच्या वेणीत आणि मोगऱ्याच्या गजऱ्यात तिची बोटे मरव्याची काडी अशी गुंफत, की फूल कोमेजले तरी वास दुसऱ्या दिवसापर्यंत टिके. आळीतील कोणीही मागितला की ती शेंड्याकडची चार बोटांची काडी खुडून देई. ती काडी ओल्या मातीत खोचली की पंधरवड्यात रुजे. अशा रीतीने आळीतील सगळा मरवा आजीच्याच मरव्याचा झाला होता, याचे आम्हाला तेव्हा मोठे कौतुक होते.

आजी गेल्यानंतरच्या चौथ्या पावसाळ्यात अंगणांतून आठवडाभर पाणी हटले नाही. मरव्याला पाय भिजलेले सोसत नाहीत. प्रथम आमचा वाफा काळा पडला, मग शेजारचा, मग पलीकडचा. गणपतीपर्यंत आळीत मरव्याची एक काडी उरली नाही. फांदीपासून वाढवलेली झाडे निराळी दिसली तरी मुळात ती एकच झाड असतात. एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. बी कोणीच धरले नव्हते. तशी रीतच नव्हती. आम्ही नंतर डहाणूच्या आणि पालघरच्या रोपवाटिकांतून मरवा आणला. तो मरवाच आहे, पण आजीच्या वेणीचा वास त्याला नाही.

शाळेच्या वसतिगृहात असताना विनयातील एक गोष्ट आम्ही ऐकली होती, ती या वेळी नव्याने समजली. पावसाळ्यात भिक्षू कोवळे अंकुर तुडवीत हिंडतात अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून वर्षावासाचा नियम आला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. वनस्पती तोडण्यासंबंधीचा अकरावा पाचित्तिय नियम त्या मानाने कमी वाचला जातो. तेथे झाडे कशापासून उत्पन्न होतात याचे पाच प्रकार सांगितले आहेत. हळद, आले हे मूलबीज. वड, पिंपळ हे खंधबीज. ऊस, बांबू हे फळुबीज, म्हणजे पेरापासून येणारे. शेंड्यापासून येणारे ते अग्गबीज. आणि धान्ये, कडधान्ये हे बीजबीज. यांतील अग्गबीजाच्या मोजक्या उदाहरणांत फणिज्जक हे नाव आहे. अमरकोश उघडला तर फणिज्जक हा मरुबकाचा पर्याय दिलेला सापडतो, आणि मरुबक म्हणजे आपला मरवा. आजी शेंडा खुडून देत होती ती रीत इतकी जुनी आहे! ज्यांनी ही यादी केली त्यांनी झाडांकडे किती बारकाईने पाहिले असेल, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

आजीचा मरवा परत येणार नव्हता. पण त्याच्या आप्ताला बियांपासून वाढवून पाहावे, बीजबीजाच्या वाटेने न्यावे, असे आम्ही ठरवले. पुडीतील चुरा पेरून उपयोग नसतो. ती वाळलेली पाने असतात. बाजारात ‘ओरेगॅनो’ म्हणून जाड, लवदार पानांची कुंडी मिळते, तोही बहुधा पानओवा असतो. वास जवळचा, भज्यांना उत्तम, पण झाड वेगळे, आणि आपल्याकडे त्याला बी क्वचितच धरते. म्हणून खात्रीचे बी विकत आणले. ते पाहून आधी हसू आले. एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. तंबाखूच्या बियांची आठवण व्हावी असे तपकिरी धुळीचे कण.

पेरणी आम्ही पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करतो. पसरट कुंडी, तळाला भोके, निम्मी नदीची वाळू आणि निम्मे चाळलेले शेणखत. वरोरला समुद्र दारात असला तरी किनाऱ्यावरची वाळू चालत नाही, तिच्यातील मीठ रोप मारते. मात्र किनाऱ्यावरचे शिंपले गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन, कुटून चिमूटभर मातीत घातले तर या झाडाला आवडते, कारण त्याचा मूळ मुलूखच चुनखडीचा. बी मातीने झाकायचे नाही. त्याला उगवायला उजेड लागतो. वर भुरभुरून तळहाताने दाबायचे आणि फवाऱ्याने ओल द्यायची. आठवड्या-दीड आठवड्यात हिरवी टाचणीची टोके दिसतात. महिनाभर ती इतकी सावकाश वाढतात, की घरातील माणसे रोज येऊन चौकशी करतात आणि निराश होऊन जातात.

खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात. कुंड्या पडवीत घेतल्या, पाणी जवळजवळ बंद केले, तरी दमट हवेनेच कित्येक रोपे गेली. पण सगळी गेली नाहीत, हे महत्त्वाचे. बियांपासून आलेली रोपे एकमेकांसारखी नव्हती. कुणाची पाने बारीक, कुणाची रुंद. कुणाला वासच नाही, कुणाचा वास नाकात झिणझिण्या आणणारा. त्यांतील चार रोपांनी वरोरचा पावसाळा पाहिला आणि दसऱ्याला पुन्हा पालवी फोडली. आम्ही त्या चारांच्या कुंड्यांना गेरूचा पट्टा ओढला.

पुढच्या उन्हाळ्यात, दिवस मोठे झाले तसा त्यांना फुलोरा आला. फुले बारीक, पांढरट-गुलाबी, आणि मधमाश्यांची झुंबड. प्रत्येक फुलाच्या पोटी चारच दाणे धरतात. ते पिकायला महिना-दीड महिना लागतो, म्हणजे हिशेब थेट मृगाशी येऊन भिडतो. घाई केली तर बी कच्चे, थांबलो तर पहिल्या सरीत बुरशी. त्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोघी दिवसातून दोनदा तुरे चोळून पाहत होतो. दोन-तृतीयांश तुरा तपकिरी झाला की तो देठासकट कापायचा आणि कागदी पिशवीत उलटा टांगायचा. प्लॅस्टिकची पिशवी घाम धरते. आठवड्याने बारीक चाळणीवर चोळायचे. पाखडायचे म्हटले तर सुपाच्या पहिल्या झटक्यात बीही उडून जाईल, म्हणून गुळगुळीत कागद तिरपा धरून हळू टिचक्या मारायच्या. गोल दाणे घरंगळतात, कोंडा मागे राहतो. संध्याकाळी वारा पडल्यावर हे काम करावे, आणि त्या वेळी कोणी हसवू नये.

साठवणुकीत आमच्या किनाऱ्याचा एकच शत्रू, ओल. बी कागदाच्या पुडीत, पुडी काचेच्या बाटलीत, बाटलीच्या तळाशी भाजून गार केलेले तांदूळ, आणि वर वर्षाची चिठ्ठी. पूर्वी घरोघरी वालाचे, भोपळ्याचे बी राखेत ठेवत, त्यामागचे कारणही हेच. दिवाळीला पेरण्यापूर्वी वीस दाणे ओल्या कागदावर उजेडात ठेवून मोजायचे. निम्मे उगवले तरी पुरे. शेजारी मरव्याची कुंडी फुलोऱ्यात असेल तर ती दूर न्यावी, कारण या दोघांचा संकर होतो आणि त्या संकरित झाडाला बी धरत नाही. ते पुन्हा शेंड्यावरच जगते.

एवढ्याशा मसाल्याच्या झाडासाठी इतकी यातायात कशाला, असे आम्हाला विचारले जाते. वाणगावच्या बाजूला मिरची आणि ढोबळी मिरची लावणारे आमचे आप्त दर हंगामात बियांचे पाकीट विकत घेतात. संकरित वाणाचे बी धरले तर पुढचे पीक तसे येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण सगळेच बी तसे नसते, आणि धरता येते ते धरण्याची सवयही हातांतून गेली आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले म्हणून त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला. तो मिळेपर्यंत बी राखणे हे घरच्या बायकांचे रिकामपणचे काम समजले जात होते. शेतकऱ्याने आपल्या शेतातील बी राखावे, पेरावे, वाटावे, हा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. हक्क कायद्यात आहे; चाळणी मात्र फडताळातच पडून असते.

आमच्या चार कुंड्यांच्या आता अकरा झाल्या आहेत, त्यांत तिसऱ्या पिढीची सात. पाने आम्ही पिझ्झ्यावर घालतो, तशीच कोलंबीच्या सुक्यातही. आजीला ते रुचले असते की नाही, सांगता येत नाही. विकत आणलेल्या मरव्याचाही एक तुरा यंदा प्रथमच कागदी पिशवीत टांगला आहे.

शाळेच्या मेळाव्याला बियांच्या पुड्या आणण्याचा आमचा विचार आहे. पुडी फुकट मिळेल, पण घेणाऱ्याचे नाव वहीत लिहून घेऊ. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्याने आपल्या अंगणात पिकलेले चिमूटभर बी आम्हाला परत पाठवायचे आहे.