नाखवांचं देणं

मोटारसायकलशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा माणसांनी माझी मोटारसायकल घडवली. गॅरेजवाल्यांचा वाटा क्लचवायर आणि ऑइलपुरता. तिच्या अंगावर जे काही आहे ते वसईतल्या पाचूबंदरच्या एका नाखवांचं, गणपती रंगवणाऱ्या एका काकांचं आणि उरलंसुरलं माझं. लोक मात्र कौतुक माझं करतात. ते ऐकून घेण्याचाही कंटाळा आला, म्हणून हे लिहायला बसलो.

गाडी बाबांची, हिरो होंडा सीडी 100. 1998 ची. नंबर एमएच-04, कारण तेव्हा वसईची गाडी ठाण्याच्या खात्यात जायची. एमएच-48 बरंच नंतर आलं. 97 सीसीचं इंजिन, पायाने किक मारायची, चार गियर. बाबा तिच्यावरून वसई रोड स्टेशन गाठायचे आणि संध्याकाळच्या लोकलने परत येईपर्यंत ती ऊन-पाऊस खात तिथेच उभी असायची. पेट्रोल फार पीत नाही, रस्त्यात रुसत नाही, आणि दिसायला अगदीच सामान्य. 2004 साली ‘धूम’ आला तेव्हा मला हे शेवटचंच जास्त टोचायला लागलं. पडद्यावर सुझुकीच्या थोराड गाड्या धावत होत्या आणि नालासोपारा-विरारकडची पोरं आपापल्या शंभर सीसीवर ज्वाळांचे स्टिकर आणि निळे दिवे लावत होती. मला स्टिकर नको होते. रद्दीतल्या एका मासिकात मी जुन्या इंग्रजी गाड्यांचे फोटो पाहिले होते. पन्नास-साठच्या दशकात लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांच्या गाड्या: हँडल खाली, सीट एकट्यापुरती आणि सीटमागे एक गोल उतरती शेपटी. ती शेपटी मला हवी होती. विकत मिळणारी नव्हती, आणि मिळाली असती तरी परवडली नसती.

‘फायबरचं काम शिकायचं तर पाचूबंदरला जा,’ असं एका मित्राने सुचवलं. खरं तर वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये फायबरचे कारखाने होतेच, पण तिथे मला कुणी आत घेतलं नसतं. पाचूबंदरला दार नव्हतं. पावसाळ्यात मासेमारीबंदी लागते (आता ती 1 जून ते 31 जुलै असते, तेव्हा तारखा वेगळ्या होत्या) आणि नावा किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची डागडुजी चालते. पोर्तुगीज काळात वसईत जहाजं बांधली जात. आता लाकडी नावांना फायबरचं अस्तर चढवलं जातं. हे नाखवा बंदीच्या महिन्यांत ते काम करत, स्वतःच्या नावेचंही आणि दुसऱ्यांच्याही. मी गेलो तेव्हा भरपावसात दोन नावांच्या मध्ये एक मोठी ताडपत्री ताणलेली होती आणि खाली नाखवा रेझिनच्या डब्यासमोर उकिडवे बसले होते.

मी मासिकातला फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि विचारलं, ‘आणि मागचं मडगार्ड?’

‘कापणार.’

‘मग माझ्याकडे कशाला आलास? वेल्डरकडे जा.’

पुढे त्यांनी जे सांगितलं त्याच्या सुरुवातीला मोटारसायकलचं अक्षर नव्हतं. नावेच्या अंगावर नंबर रंगवलेला असतो. अंगावर एक आणि कागदावर दुसरं असलं, तर भरसमुद्रात कोण ऐकून घेणार? तसंच गाडीचं. बाबांच्या नावाची गाडी आहे, कागदावर तिचं रूप लिहिलेलं आहे. ‘मूळचं मोडायचं नाही. त्याच्यावर बसेल असं वेगळं बनव. बोल्ट जुनेच वापर. कंटाळा आला की काढून टाकता आलं पाहिजे.’ ही अट मान्य असेल तरच शिकवीन, म्हणाले. मी होकार दिला, बराचसा नाइलाजाने.

शिकवणं म्हणजे तरी काय? समोर बसवून ते काही सांगत नसत. काम करता करता हात दाखवायचे. पहिल्याच दिवशी थर्मोकोलचा तुकडा रेझिनमध्ये टाकला. तो बघता बघता विरघळून चिकट झाला. ‘तुमची पोरं याच्यावर शेपटी बनवायला जातात,’ एवढंच म्हणाले. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालायचा, नीट ढवळायचा, रंग जांभळट झाला की मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. आग लागते, स्फोटही होतो. दोन बाटल्या ताडपत्रीच्या दोन टोकांना ठेवण्याचा त्यांचा नियम होता, आणि मधे कितीही चालावं लागलं तरी तो मोडत नसे. शंभर ग्रॅम रेझिनला दीड ते दोन मिली हार्डनर. ते बुचाने मोजायचे. मी औषधाच्या दुकानातून सिरिंज आणली, त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती मागून घेतली.

मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई. 450 ग्रॅमची मॅट एका थरात साधारण मिलिमीटरभर जाडी देते. ब्रश ओढायचा नाही, तंतू उचलले जातात; टोचत टोचत हवा बाहेर काढायची. आत राहिलेला बुडबुडा नावेत पाणी आणतो आणि मोटारसायकलवर, इंजिनाच्या थरथरीने, तडा. थरांवरून आमचा वाद मात्र झाला. नावेच्या हिशेबाने त्यांना सगळीकडे चार थर हवे होते आणि मला वजन नको होतं. शेवटी तडजोड झाली: अंगाला 300 ग्रॅमचे दोन, बोल्टच्या भोकांभोवती चार, आणि प्रत्येक बोल्टखाली सायकलच्या ट्यूबची चकती. इतक्या वर्षांत एकाही भोकाला तडा गेलेला नाही. वाद कोण जिंकलं ते मी सांगत नाही.

आधी बाजूच्या पॅनलचा साचा घेतला, हात बसावा म्हणून. मूळ पॅनलला मेण लावायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं, हे इतक्या वेळा की आईने विचारलं, ‘तू याला पुसतोस की पूजतोस?’ मग जेलकोट, मग मॅट, आणि रात्रभर तसंच ठेवून सकाळी कडेने लाकडी पाचर हलकेच सरकवायची. साचा सुटताना एक कट असा आवाज येतो. नाखवा नेहमी थांबून तो ऐकत. स्वतःची नाव पाण्यात ढकलतानाही त्यांच्या चेहऱ्यावर एवढं सुख मी पाहिलेलं नाही.

शेपटीला मूळ रूपच नव्हतं, ते मातीत घडवायचं होतं. इथे दुसरं देणं सुरू होतं. आमच्या गल्लीत पेणहून कच्चे गणपती आणून रंगवण्याचा मांडव असे. तिथले काका शाडूचं उरलेलं ओझं मला देऊन मोकळे झाले, पण माझी शेपटी पाहून त्यांना राहवलं नाही. रात्री बल्ब बाजूला, अगदी खाली धरला, आणि सरळ उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर खड्डे आणि उंचवटे उभे राहिले. ‘हाताला विचार, डोळ्याला नको,’ म्हणाले. ओल्या तळव्याने एका दमात कडेपर्यंत जायचं, मधे थांबायचं नाही. गणपतीच्या पोटाचा गोलवा ते असाच तपासत. माझ्या शेपटीची उतरण त्यांच्या हाताची आहे. ओळखणाऱ्याला ओळखू येते.

रंगाला मात्र थांबावं लागलं. पावसाळी दमट हवेत रंग पांढुरका पडतो, आणि काकांचा कंप्रेसर गणेशोत्सव होईपर्यंत मोकळा नसतो. तोवर मी घासत बसलो. लांबी भरायची, पाण्याचा पेपर घ्यायचा, 220, 400, 800. फायबरची भुकटी अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते. नाखवांनी आधीच अंगाला खोबरेल चोळून बसायला सांगितलं होतं. आईने माझे त्या कामाचे कपडे वेगळ्या बादलीत हद्दपार केले आणि रेझिनच्या वासाबद्दल शेजाऱ्यांची बोलणीही तिनेच खाल्ली. अनंत चतुर्दशी झाली, मांडव रिकामा झाला, ऑक्टोबरचं कोरडं ऊन आलं, तेव्हा काकांनी गन माझ्या हातात दिली. देवाच्या अंगकांतीसाठी वापरायची गन, म्हणून आधी तिला नमस्कार करायला लावला. पातळ हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. रंग काळाच, कागदावर होता तोच.

शेपटी कॅरियरच्या जुन्या बोल्टवर बसली, हेडलाइटभोवतीचा डूम (पुढचं फायबरचं आवरण) हेडलाइटच्या बोल्टवर. बाबांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘मडगार्ड आहे की!’ त्यांची परवानगी ती एवढीच.

नाखवांच्या अटीची किंमत मला 2013 मध्ये कळली. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं, पुढे दर पाच वर्षांनी. प्रत्येक वेळी मी पाना घेऊन बसतो, शेपटी आणि डूम उतरवतो, माळ्यावरचे मूळ भाग चढवतो आणि कारखान्यातून आली तशी गाडी घेऊन जातो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर बोट ठेवून, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळं होईल असा बदल वाहनात करता येणार नाही असं स्पष्ट केलं, तेव्हा कापाकापी केलेल्या गाड्यांचे मालक माझ्याकडे साचे मागायला आले. मडगार्डचा साचा कुणाला हवा असेल असं मला वाटलं नव्हतं. सगळ्यांना तोच हवा होता.

त्याआधी 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं. नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्स्प्रेस अडकून पडली, आमच्या तळमजल्यातही पाणी शिरलं. इंजिन उघडावं लागलं, सीट फेकून द्यावी लागली. शेपटी धुतली आणि परत लावली. नाखवांना हे सांगितलं तर ते नवल करायला तयार नव्हते. नावेच्या मालाला पाण्याचं काय?

पैसे दोघांनीही घेतले नाहीत. काका आता हयात नाहीत. नाखवांचं देणं फेडायला मला एकच वाट सापडली, कागदांची. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, त्यांचे अर्ज मी भरले. डिझेलवरच्या कराचा परतावा, संस्थेची पत्रं, नावेच्या विम्याचे कागद, हे सगळं रविवारी आमच्या ओसरीत होतं. त्यांच्या हिशेबाने माझं देणं कधीच फिटलं असून आता तेच माझे देणेकरी आहेत, म्हणून दर हंगामात मांडवावर सुकवलेले बोंबील पोहोचते करतात. मला हा हिशेब मान्य नाही, पण बोंबील परत करण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही.

गेल्या खेपेला पुडक्यासोबत अर्जाचे दोन कोरे नमुने आले. एक त्यांचा, दुसरा त्यांच्या शेजाऱ्याचा, ज्याला मी ओळखतही नाही. मी फोन करून विचारलं, ‘नाखवा, या दुसऱ्याचं माझ्यावर काय देणं आहे?’

‘असं कसं?’ ते म्हणाले. ‘त्या पावसात ताडपत्री कुणाची होती?’