जोडलेला मणका

माझ्या कमरेच्या शस्त्रक्रियेला आता बरीच वर्षं झाली. पुढे सरकलेला चौथा मणका पाचव्याला स्क्रू आणि सळ्यांनी बांधलेला आहे. एक्स-रेत ते पांढरेशुभ्र स्क्रू दिसले की नजर तिथंच खिळते. हाडं एकजीव व्हायला कित्येक महिने लागले. आता भार हाडच पेलतं, धातू नुसता सोबतीला आहे.

पायात उतरणारी कळ गेली. कंबर मात्र लांबच्या एसटी प्रवासानंतर अजून धरते. दोन मणके हलायचे थांबले, की त्यांच्या वाट्याचा ताण शेजारच्या सांध्यावर येतो. घरातलं एक माणूस बसलं की दुसऱ्यावर कामं पडावीत, तसा. तो सांधा किती वर्षं साथ देईल? हा प्रश्न सोबत घेऊनच मी चालते.

मणके जोडावेतच का, यावर अभ्यासही एकमुखी नाहीत. २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात, दबलेली नस मोकळी करताना मणके जोडल्याने दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकी अभ्यासात तो किंचित दिसला. रुग्णागणिक निर्णय वेगळा.

म्हणून डॉक्टरांना ‘दुखणं जाईल का?’ एवढंच विचारू नका. कोणतं जाईल, कोणतं राहील आणि दहा वर्षांनी काय, हेही विचारा.