पाहणे वेगळे, पूजणे वेगळे



महाड-पोलादपूरच्या पोरांना घेऊन जुन्या गोव्याला गेले होते. १९६१ पर्यंत आपल्याला तो परदेशच. १६०५ साली उभ्या राहिलेल्या बॉम जेझू चर्चच्या दाराशी एक पोरगा थांबला. "ताई, आपण बौद्ध. इथे कशाला?"

मी म्हटलं, "पाहायला. पूजायला नाही."

पण दारांचा इतिहास आपण महाडकरांनी विसरू नये. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा उठली आणि आपल्या माणसांवर हल्ला झाला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जळली.

म्हणून भाबडेपणाही नको. १९३४ मध्ये दौलताबादचा किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांवर 'हौद बाटवला' म्हणून मुसलमानच धावून आले. गोव्यात धर्म बदलला, तरी बामण-चारडो हा भेद उरलाच.

तेव्हा दार उघडे असणे म्हणजे समता नव्हे. उद्या इस्तंबूलची हागिया सोफिया पाहा, नाहीतर आपली गांधारपालेची लेणी. फोटो जरूर काढा, पण आधी विचारा: हे कुणाच्या घामातून उभे राहिले? इथल्या पाण्यावर हक्क कुणाचा होता? आणि दाराबाहेर कोण उभे होते?

त्या पोराने परतीच्या वाटेवर हेच प्रश्न वहीत लिहून घेतले. सहल सार्थकी लागली.