खांद्याची उखळी झिजल्यावर

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा फऱ्याच्या उथळ उखळीवर फिरतो. कृत्रिम सांध्याचे जुने रोपण सैल होऊन ही उखळीच कुरतडली गेली, की कारखान्यातल्या ठरीव मापांचे भाग तिथे धरत नाहीत. मग त्या एका रुग्णाच्या हाडावर बेतलेले रोपण लागते.

नियोजनाची सुरुवात जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहण्यापासून होते. प्रस्तुत लेखकाकडे आलेल्या 68 वर्षांच्या बाईंचे रक्ताचे अहवाल स्वच्छ होते, तरी सांध्यातल्या पाण्याचे कल्चर 14 दिवस ठेवले. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू फार सावकाश वाढतो. तिसऱ्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबणे घातक ठरते.

त्यानंतर खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू आणि त्याची नस तपासतात. अशा खांद्यात बहुधा उलटा सांधा बसवतात: गोळा फऱ्यावर, वाटी दंडावर. ही रचना फ्रान्समधील दिजाँचे पॉल ग्रामोंट यांनी 1985 च्या सुमारास रूढ केली. तिच्यात हात उचलण्याचा भार मुख्यतः डेल्टॉइडवर येतो. तोच लुळा असेल, तर उत्तम रोपणही निरुपयोगी.

सीटी स्कॅन सुमारे 1 मिलिमीटरच्या कापांचा आणि संपूर्ण फऱ्याचा हवा. बाईंचा पहिला स्कॅन फऱ्याच्या मध्यावरच थांबला होता. खालचे टोक नसल्याने फऱ्याचे प्रतल ठरेना आणि उखळीचा कल मोजता येईना. स्कॅन पुन्हा करावा लागला. जुन्या धातूमुळे चित्रात पट्टे उमटतात, तिथे पडद्यावर दिसणारे हाड खरे आहे की आभास, हा निर्णय सर्जननेच घ्यावा, असे लेखकाचे ठाम मत आहे.

स्कॅनवरून छापलेला फऱ्याचा प्लास्टिकचा नमुना हाती आला, तेव्हा उखळीच्या मागच्या बाजूला अंगठ्याचे पेर सहज बुडत होते. रोपण आखणाऱ्या अभियंत्याच्या आराखड्यात तो खड्डा सच्छिद्र टायटॅनियमने पूर्ण भरला होता. दिसायला चोख, पण त्याने सांधा इतका बाहेर आला असता की आखडलेल्या स्नायूंमुळे तो जागेवर बसलाच नसता. जाडी कमी केली. स्क्रूंच्या वाटा मजबूत हाड उरलेल्या ठिकाणी वळवल्या: कोराकॉइड या फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाचे मूळ, फऱ्याचा कणा आणि बाहेरची कड.

रोपण तयार व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्यात हाड आणखी झिजू शकते, शिवाय जुना भाग काढताना पातळ कड तुटू शकते. म्हणून हाडाचे कलम आणि तयार मापांचे भागही शस्त्रक्रियागृहात ठेवतात.

बाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी छिद्रांची दिशा दाखवणारा मार्गदर्शक साचा आधी डुगडुगला. निर्जंतुक केलेल्या नमुन्याशी ताडून पाहिल्यावर मागच्या कडेला चिकटलेला तंतुमय पापुद्रा सापडला. तो खरवडल्यावर साचा घट्ट बसला आणि मगच पहिले छिद्र पाडले.