जुनी माती

मे लागला की गच्चीवरची भेंडी राठ होते, गवार जून होते आणि टोमॅटोचं तर विचारूच नका. याच सुमारास पुण्यात सोसायट्यांच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी मातीची पोती दिसू लागतात. ‘कस गेला’ म्हणून टाकून दिलेली. पावसाच्या तोंडावर हीच मंडळी नर्सरीतून लाल मातीची पोती आणून जिने चढवतात. ती माती कुठला तरी डोंगर पोखरून आलेली असते, ते वेगळंच.

कुंडीतली माती अशी संपत नाही. तिच्यातलं खत कुजून जातं, म्हणून ती चार बोटं खाली बसते आणि घट्ट होते. पालापाचोळा, कंपोस्ट घातलं की पुन्हा भुसभुशीत. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या चळवळीतून पालापाचोळ्याचं हे मोल कितीतरी लोकांच्या गळी उतरवलं.

मात्र डोळे झाकून जुनी माती वापरू नये. मी कुंडी उपडी करते आणि आधी मुळं धुऊन पाहते. गवारीच्या मुळांवर बारीक गाठी असतात. नखाने सहज सुटतात, फोडल्या की आत गुलाबीसर दिसतात. त्या नत्राच्या, ती मुळं मी मातीतच चुरते. भेंडी-टोमॅटोच्या मुळांवरची गाठ मात्र सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. ते काम सूत्रकृमींचं. अशी मुळं वेचून फेकायची, कंपोस्टमध्येसुद्धा नाही.

मग ती माती गच्चीवर पातळ पसरायची, ओलवायची आणि वर प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबायच्या. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. चार आठवडे ऊन मिळालं तर उत्तम. उन्हात चांगले जिवाणूही मरतात, म्हणून गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड नंतरच घालायची. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठाला पांढरे क्षार धरले असतील, तर पहिले दोन-तीन पाऊस त्या मातीतून वाहू द्यावेत. तळाची भोकं तेवढी मोकळी हवीत.

एवढं करूनही, गाठी निघालेल्या मातीत यंदा टोमॅटो, वांगी, भेंडी लावू नका. झेंडू लावा. सूत्रकृमींना तो मानवत नाही, आणि दसऱ्याला तोरणापुरती फुलं घरचीच होतील.