तिकिटाचा वारसा

नेत्याच्या मुलीने राजकारणात येऊ नये आणि आलीच, तर मतदारांनी तिला घरी बसवावं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. आज मला तसं वाटत नाही. ज्या घराण्याकडे बघून हे मत बनलं, त्याच घराण्याच्या हारजितीने ते बदललं, म्हणून सोलापूरकरांपुढे ते उघडपणे मांडतो आहे.

२००९च्या ऑक्टोबरात शहर मध्य मतदारसंघात नरसय्या आडम पडले. विडी कामगार बायकांना कुंभारीच्या माळावर दहा हजार हक्काची घरं मिळावीत म्हणून झुंजलेले आडम मास्तर. त्यांना हरवलं अठ्ठावीस वर्षांच्या प्रणिती शिंदे यांनी. वडील सुशीलकुमार शिंदे त्या वेळी केंद्रात ऊर्जामंत्री होते. उभं आयुष्य मोर्चात घालवलेला माणूस एका आडनावापुढे हरला, असं मला वाटलं. माझा सगळा राग मतदारांवर होता.

हे आडनाव मात्र कुणी आयतं दिलेलं नव्हतं. १९४१ साली सोलापुरात, दलित कुटुंबात जन्मलेले शिंदे इथल्याच कोर्टात शिपाई होते. पुढे पोलीस उपनिरीक्षक झाले, ती नोकरी सोडून राजकारणात आले आणि १९७४च्या पोटनिवडणुकीत करमाळ्यातून आमदार झाले. २००३ मध्ये मुख्यमंत्री, २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. १९७०च्या त्यांच्या आंतरजातीय विवाहात उज्ज्वलाताई सोबतीला आल्या. तीन मुलींपैकी निवडणुकीच्या राजकारणात उतरल्या त्या प्रणिती.

पुढचे निकाल मी एकापुढे एक मांडून पाहिले, तेव्हा माझा राग टिकला नाही. २००४च्या लोकसभेला शिंदे मुख्यमंत्रिपदावर असताना उज्ज्वलाताई सोलापुरातून उभ्या राहिल्या आणि सुभाष देशमुखांकडून हरल्या. २०१४च्या मे महिन्यात खुद्द शिंदे, तेही गृहमंत्री असताना, जवळजवळ दीड लाख मतांनी हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रणिती शहर मध्यमधून पुन्हा निवडून आल्या. २०१९ मध्येही तेच घडलं: मे महिन्यात वडील पडले, ऑक्टोबरात लेक जिंकली. शहर मध्य हा सोलापूर लोकसभेचाच भाग आहे. म्हणजे आडनाव तेच, गल्ल्या त्याच आणि सहा महिन्यांच्या आत निकाल दोन. २०२४ मध्ये ज्या जागेवर वडील दोनदा हरले होते, तिथून प्रणिती चौऱ्याहत्तर हजारांच्या मताधिक्याने खासदार झाल्या.

आडनावाला मत देणारं शहर असं वागत नाही. इथला मतदार नवऱ्याचा हिशोब बायकोच्या नावावर टाकत नाही आणि बापाची हार लेकीच्या माथी मारत नाही. पंधरा वर्षं आमदार असलेल्या बाईला तिच्या कामावर जोखण्याचा अधिकार त्याने बजावला. ते मत मला पटो न पटो, ते विचार करून दिलेलं होतं. नेत्याची मुलगी म्हणून कुणाला दारातूनच परत पाठवणं हाही जन्मावरून केलेला निवाडाच आहे, हे मला आता मान्य आहे.

एक खंत मात्र आहे आणि तिचा रोख आता पक्षांकडे आहे. मत वारशाने मिळत नाही, उमेदवारी मिळते. प्रणिती दिल्लीला गेल्यावर शहर मध्यमधून भाजपचे देवेंद्र कोठे आमदार झाले. तेही शहरातल्या जुन्या राजकीय घराण्यातले. तुलनेसाठी तैवान पाहा. तिथे २०२२ साली च्यांग कै-शेक यांचा पणतू तैपेईचा महापौर झाला, तर २०२४ मध्ये लहानपणीच वडिलांना पोरका झालेला, खाणकामगाराचा मुलगा लाय छिंग-ते राष्ट्राध्यक्ष झाला. तिथे दोन्ही वाटा चालू आहेत. आपल्याकडे घराण्याची वाट रुंद होत गेली. कोर्टातल्या शिपायाची वाट आज कोणत्या पक्षात शिल्लक आहे?

म्हणून माझी मागणीही बदलली आहे. उमेदवार मुंबईच्या किंवा दिल्लीच्या बैठकीत ठरू नये. सोलापूरच्या प्रभागांत पक्षाचं काम करणाऱ्या सभासदांनी गुप्त मतदानाने तो निवडावा. नेत्याच्या लेकीने त्या मतदानाला जरूर उभं राहावं. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीलाही तिच्या शेजारी उभं राहता आलं पाहिजे. पुढचा कौल द्यायला सोलापूरचा मतदार समर्थ आहे, याची मला आता खात्री आहे.