उघडीप

निवृत्त माणसाला सल्ला द्यायला लोकांना फार आवडतं. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा कुणी मला योगासनं सुचवली, कुणी ज्ञानेश्वरी, तर कुणी होमिओपॅथी. लोणावळ्याला एक लहानसं घर आधीच बांधून ठेवलेलं होतं. तिथं जाऊन स्वस्थ बसावं असा माझा साधा बेत होता. पण स्वस्थ बसायलाही अंगात काही गुण लागतात. छत्तीस वर्षं बँकेत काढूनही ते माझ्या अंगी आले नव्हते, हे तिथं गेल्यावर दोन महिन्यांत ध्यानात आलं. आमच्या हिच्या तर ते आठवड्यातच ध्यानात आलं. ‘काहीतरी उद्योग बघा,’ ती म्हणाली. मी बघितला. तिला तेव्हा कल्पना असती तर तिनं मला स्वस्थ बसायची शपथ घातली असती.

लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूनं चक्कर मारलीत तर दर चार पावलांवर एक बंगला दिसेल. मालक मुंबईला, बंगला इथं, आणि बंगल्यापुढं लॉन. मालक शनिवारी दुपारी येणार, रविवारी संध्याकाळी जाणार आणि तेवढ्या वेळात लॉन गालिच्यासारखं दिसलं पाहिजे. ते कापणार कोण? मी हिशेबाचा माणूस. मनाशी म्हटलं, कर्जदार पळून जातो, गवत पळून जात नाही. उलट कापलं की वाढतं, वाढलं की कापायचं. शिवाय गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग एका वेळी कापावा, नाहीतर ते जळतं, असं एका माळ्यानं सांगितलं. म्हणजे व्याज कापून घ्यायचं आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. इतका स्वच्छ व्यवहार मी बँकेतसुद्धा पाहिला नव्हता.

हा धंदा सुरू करायला मी २०१९ साल निवडलं. एप्रिलमध्ये पेट्रोलवर चालणारं मशीन घेतलं. नऊ बंगले मिळाले; महिन्यात दोनदा कापणी, आणि पैसे कापणीवर. मदतीला मामा मिळाले. मामा म्हणजे नात्यानं कुणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणत. पवनेच्या बाजूला त्यांचं गाव, थोडी भातशेती, आणि मोटारसायकलवरून रोज येणं-जाणं. त्यांना मी महिन्याचा पगार बांधून दिला. मिळकत कापणीवर आणि खर्च महिन्यावर, या मांडणीतली चूक खरं तर बँकेतल्या शिपायानंही दाखवून दिली असती. पण मे महिना होता, बंगल्याबंगल्यांत नळीनं पाणी घालणं चालू होतं, गवत शिस्तीत वाढत होतं आणि मी शिस्तीत कापत होतो. उन्हाळ्यात माणसाला आपली अक्कल असते त्याहून मोठी वाटते.

पावसानं त्या साली उशीर केला. मुंबईतच तो २५ जूनला पोचला. उशिरा येणारा पाहुणा निदान लवकर तरी जाईल, असं आपल्याला वाटतं. पाहुण्याला तसं वाटत नाही.

गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग नावाच्या एका इंग्रज माणसानं शोधून काढलं, १८३० साली. कापडाच्या गिरणीत कापडावरचे तंतू छाटून ते गुळगुळीत करायचं एक यंत्र असे, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली. माणूस हुशार होता, पण त्यानं लोणावळा पाहिलेलं नव्हतं. लंडनला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्याला चार हजारांच्या वर. लंडनचा सहा महिन्यांचा पाऊस आमच्याकडे कधीकधी एका दिवसात उरकतो. बिचाऱ्या बडिंगचा काय दोष? त्यानं गवताचं यंत्र काढलं, आम्ही ते तळ्यात चालवायला बघत होतो.

ओलं गवत कापलं जात नाही, ते लोळतं. पातं वरून फिरून जातं आणि मागं ते पुन्हा उठून उभं राहतं, खोडकर पोरासारखं. जे कापलं जातं ते मशीनच्या पोटात चिकटून बसतं. दर दहा फुटांवर मशीन बंद करून उलटं करायचं आणि आतून पालकाच्या पातळ भाजीसारखा लगदा खरवडायचा. चाकं मऊ जमिनीत रुततात, चाकोऱ्या पडतात आणि लॉनवरून बैलगाडी गेल्यासारखं दिसतं. कापलेल्या गवताचे गोळे राहिले तर त्याखालचं गवत चार दिवसांत पिवळं पडून कुजतं. विजेचं मशीन आणावं म्हटलं, तर भर पावसात विजेची तार घेऊन ओल्या गवतात फिरायचं म्हणजे वरचं बोलावणं स्वतःच लिहून घेण्यासारखं. आणि गंमत अशी, की त्याच पावसानं गवत असं काही वाढतं, की सकाळचं संध्याकाळी ओळखू येऊ नये. धंद्याला लागणारा माल पाऊसच पुरवायचा आणि दुकानाला कुलूपही त्यानंच लावायचं!

मुंबईहून मालकांचे फोन सुरू झाले. ‘अहो, लॉन गुडघ्याएवढं झालंय म्हणे?’

‘पाऊस आहे ना साहेब.’

‘पाऊस? इथं तर चक्क ऊन पडलंय!’

मधे अख्खा घाट आहे, हे त्यांना शनिवारी गाडीत बसल्यावर कळायचं.

मग मी उघडिपीची वाट बघू लागलो. चार तास उघडीप, थोडं वारं, जमलं तर ऊन. जास्त काही मागणं नव्हतं. हवामानाच्या बातम्या मी परीक्षेच्या निकालासारख्या ऐकत असे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ असं सांगत. लोणावळा हे त्या तुरळक ठिकाणांचं मुख्य गाव असावं. कधी सकाळी आभाळ जरा पांढुरकं व्हायचं. आम्ही टेम्पो बोलावून मशीन चढवायचो, बंगल्यावर जायचो, उतरवायचो. मामा दोरी ओढायचे, मशीन फुरफुरायचं आणि त्याच क्षणी थेंब पडायला लागायचे. एकदा मामा गंभीरपणे म्हणाले, ‘साहेब, ह्या दोरीचं दुसरं टोक वर कुठंतरी बांधलंय.’

मग आमच्या पडवीत दोघं बसून राहायचो. ही चहा करायची, कधी कांदाभजी. मी आभाळाकडे बघायचो, मामाही आभाळाकडे बघायचे. मला वाटायचं, धंद्याची किती काळजी आहे या माणसाला! एक दिवस पावसाचा जोर जरा कमी झाला तसा मी म्हणालो, ‘मामा, थांबणार बहुतेक.’ मामांचा चेहरा पडला. ‘नको साहेब. रोप तयार हाय. पाणी साठलं तरच चिखलणी होईल. आठ दिवस तरी लागून पडाया पायजे. लावणी खोळंबलीय.’

म्हणजे महिनाभर एकाच पडवीत बसून, एकाच ढगाकडे बघून, आम्ही दोघं बरोबर उलट प्रार्थना करत होतो. आणि वरच्यानं कुणाचं ऐकावं हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नव्हता.

जुलै संपला. अठरा कापण्या व्हायच्या होत्या, झाल्या दोन. त्यातली एक अर्धीच. कापडाचे व्यापारी असलेल्या एका शेठजींकडे मी गृहीत धरून सगळं बिल पाठवलं, तर त्यांचा फोन आला. ‘काम नाही तर पैसे नाहीत. साधा व्यवहार आहे.’ मला उत्तर सुचलं नाही. व्यवहार साधाच होता.

त्याच संध्याकाळी मामा लावणीसाठी सुट्टी मागायला आले. मी पाकिटात अर्धा पगार घालून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणालो, ‘काम नाही झालं मामा, तर पैसे तरी कुठले? साधा व्यवहार आहे.’ शेठजींचंच वाक्य, फार तर आवाज जरा मऊ. मामांनी पाकीट उघडून पाहिलं नाही. कपाळाला लावून खिशात घातलं आणि म्हणाले, ‘मशीन हितं ओल धरतंय साहेब. पातं काढून तेल लावून ठेवलंय. आठ दिवस काय होणार न्हाई त्याला.’

रात्री जेवताना हिनं विचारलं, ‘मामांना किती दिलेत?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’

लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला या ‘बरं’चा अर्थ सांगावा लागत नाही. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माझ्या डोक्यात जुनी खातेवही उघडत होती. शेठजींनी पाऊस माझ्या नावे टाकला. मी तो मामांच्या नावे टाकला. मामांच्या खाली नाव टाकायला कुणीच नव्हतं. छत्तीस वर्षं मी जमाखर्च लिहिला, पण रक्कम अशी खाली खाली सरकत जाऊन कुठं थांबते, ते कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी उरलेले पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी त्यांच्या गावाला गेलो. सगळं घर खाचरात वाकलेलं. बायकांच्या पाठीवर इरली, काहींच्या प्लॅस्टिकचे कागद. मला बघून मामा चिखलातून वर आले. मी पिशवी पुढं केली. ‘हे राहिलं होतं.’

‘काम कुठं झालं होतं साहेब?’

‘पाऊस होता ना मामा.’

‘व्हय,’ मामा हसले. ‘पाऊस चांगला होता.’

आलाच आहात तर चार रोपं लावा, म्हणून त्यांनी माझ्या हातात रोपाची मूठ दिली. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. पहिल्या पावलाला एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली, ती आजतागायत तिथंच आहे. माझी ओळ अशी वाकडी गेली, की एक म्हातारी इरल्याच्या आतून खुदुखुदु हसायला लागली. मामा म्हणाले, ‘ह्ये पण गवतच हाय साहेब. फकस्त तुमचं वाढलं की तरास, आमचं न वाढलं की.’

भात हेही एक गवतच आहे, हे मी शाळेत शिकलो होतो. पण शाळेत ते परीक्षेसाठी शिकलो होतो.

परत आल्यावर मी सगळ्या मालकांना कळवलं, की आता कापणीवर पैसे नाहीत. बारा महिने ठरलेली रक्कम, ऊन असो वा पाऊस. पाऊस तिघांत वाटून घेऊ. तिघांनी लगेच काम काढून घेतलं, त्यात शेठजी पहिले. चौघांनी कुरकुरत मान्य केलं. एकांनी फोन उचलायचं बंद केलं. राहिल्या एक डॉक्टरीणबाई. २ सप्टेंबरला गणपती होते आणि त्या आदल्या दिवशी सहकुटुंब हजर झाल्या. लॉन फूटभर वाढलेलं. फाटकातच माझा उद्धार सुरू झाला. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई छत्री घेऊन गवतात शिरल्या आणि ओरडल्या, ‘अगं, दूर्वा बघ किती कोवळ्या!’ लॉनसाठी लावतात त्यातली एक जात आपल्या हरळीचीच. गणपतीला लागते ती कोवळी तीन पात्यांची दूर्वा. मशीन फिरलं असतं तर एक उरली नसती. एकवीस-एकवीसच्या जुड्या झाल्या, शेजारच्या बंगल्यात वाटून झाल्या. ‘बरं झालं हो कापलं नाहीत,’ सासूबाई म्हणाल्या. मागून मामा हळूच कुजबुजले, ‘साहेब, सांगा की, मुद्दाम ठेवलं होतं म्हणून.’

मी सांगितलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. बाई महिन्याच्या पैशाला कबूल झाल्या.

त्या साली मोसमी पाऊस देशातून परतायला लागला तोच मुळी ९ ऑक्टोबरला, इतका उशीर आधी कधी नोंदला गेला नव्हता. त्याच्या आधी कोल्हापूर-सांगलीला महापूर येऊन गेला होता. त्या लोकांपुढं लॉनचं दुःख सांगायची सोय नव्हती. ऑक्टोबर संपत आला तरी आभाळ भरून येतच होतं. एका संध्याकाळी मी आणि मामा पडवीत बसलो होतो. खाचरात भात पिवळं होऊन उभं होतं. मामा म्हणाले, ‘आता उघडाया पायजे साहेब.’ सबंध हंगामात आम्हा दोघांना एकच गोष्ट हवी असलेली ती पहिली संध्याकाळ. दोघांनी मनापासून आभाळाकडे पाहिलं. दहा मिनिटांत पाऊस आला.

त्याला आता कैक पावसाळे झाले. मशीन दुसरं घेतलं, मामा तेच आहेत. २०२५ साली मुंबईत पाऊस ११ जूनच्या नेहमीच्या तारखेला न येता २६ मेलाच येऊन धडकला. इकडे घाटातही तेच. मी अजून पात्याला धारसुद्धा लावून आणली नव्हती. पडवीत उभा राहून बघतो तर फोन वाजला.

‘साहेब, आला की हो! माझी अजून नांगरट बी व्हायचीय.’

‘माझं मशीन अजून खोक्यात आहे, मामा.’

पलीकडे जरा वेळ नुसता पावसाचाच आवाज येत राहिला. मग मामा म्हणाले, ‘मग आता काय करायचं?’

मी आत हाक मारून हिला विचारलं, कांदे आहेत का. आणि फोनवर म्हटलं, ‘या इकडे. बसू.’